पुढारी कसे घडले?
अँटिगोनिशच्या कोळ्यांचा व खाणकामगारांचा इतिहास

परमेश्वराच्या कृपेनें आपल्या धर्मग्रामाची ज्युबिली साजरी होत असतां स्मरणिकेच्या चालकांनीं आम्हांस कांहीं ऐतिहासिक मजकूर लिहून देण्याचा आग्रह केला. ख्रिस्तमंदिराच्या बांधणीची, घंटांची, मुख्य वेदीची आणि पूर्वींच्या धर्मगुरूंची हकीगत या पुस्तकांत इतरत्र आलीच आहे. ती पुन्हां सांगून वाचकांस शिणविण्यांत अर्थ नाहीं. म्हणून आम्ही दूरदेशींचा एक इतिहास निवडिला आहे. तो कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचा आहे. कोळ्यांचा, शेतकऱ्यांचा व कोळशाच्या खाणींत राबणाऱ्यांचा आहे. इतक्या दूरची गोष्ट येथें कशासाठीं, असें कोणी विचारील. तिचें कारण आमच्याच एका चुकींत आहे, आणि तें प्रथम सांगून टाकलेलें बरें.

पुष्कळ वर्षांपूर्वीं आमची नेमणूक एका लहान धर्मग्रामांत झाली होती. तेथें तारुण्याच्या उत्साहांत आम्ही एक बचतमंडळ काढलें. सभा आम्हीच बोलवावी, अध्यक्षस्थानीं आम्हीच बसावें, इतिवृत्त आम्हीच लिहावें, आणि जमाखर्चाची वही आमच्याच कपाटांत असावी, असा प्रकार होता. लोक भाविक; फादर सांगतील तें खरें. मंडळ झपाट्यानें वाढलें व आम्हांस त्याचा मोठा अभिमान वाटे. पुढें आमची बदली झाली. दोन वर्षांनीं एका लग्नाच्या निमित्तानें तिकडे गेलों तेव्हां मंडळाची चौकशी केली. एक वृद्ध गृहस्थ, ज्यांस आम्ही नांवाचे खजिनदार केलें होतें, संकोचानें म्हणाले, “फादर, तुम्ही गेलांत आणि वही लिहायला कोणी राहिलें नाहीं.” या गृहस्थांनीं चाळीस वर्षें केळ्यांच्या वखारीचा हिशेब चोख सांभाळला होता! त्यांस वही लिहितां येत नव्हती असें मुळींच नाहीं. आम्ही ती त्यांच्या हातीं कधीं दिलीच नव्हती.

तेव्हांपासून अँटिगोनिशचा इतिहास आम्ही निराळ्या दृष्टीनें वाचूं लागलों.

अँटिगोनिश हें नोव्हा स्कोशिया प्रांतांतील एक लहानसें गांव. तेथें बिशपांचें पीठ आहे आणि एक विद्यापीठ आहे. हें विद्यापीठ प्रथम कॉलेजाच्या रूपानें १८५३ सालीं अरिशॅट येथें निघालें व दोन वर्षांनीं अँटिगोनिशास आलें. त्यास नांव दिलें तें सेंट फ्रान्सिस झेवियरचें. ज्या संताचें पवित्र शरीर जुन्या गोव्यांत आहे व ज्याच्या दर्शनास आपलीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या जात आलीं, त्याच संताच्या आश्रयाखालीं पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकाचे हे कोळी व शेतकरी आपलीं मुलें शिकवीत होते, हें वाचून मनास एक प्रकारची जवळीक वाटते.

या मुलखांतले लोक मुख्यतः तीन कुळींचे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांतून आलेले, गेलिक भाषा बोलणारे कॅथलिक, फ्रेंच बोलणारे अकेडियन, आणि आयरिश. जमीन खडकाळ, हिवाळा लांब. समुद्रांत कॉड मासा व शेवंड विपुल. पण मासा धक्क्यावर आला कीं त्याचा धनी बदले. कोळ्यानें हंगामापूर्वीं दोर, मीठ, पीठ, कपडा सर्व कांहीं गांवच्या व्यापाऱ्याकडून उधार आणावें, आणि हंगामांत मासा त्याच व्यापाऱ्यास, तो देईल त्या भावानें घालावा. वर्षाच्या अखेरीस हिशेब व्हावा तो व्यापाऱ्याच्याच वहींत, आणि बाकी निघावी ती नेहमीं कोळ्याच्याच अंगावर. आमच्या किनाऱ्यावरील कोळीबांधवांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. उचल म्हणजे काय हें त्यांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे. परिणाम असा झाला कीं तरुण मुलगे व मुली घर सोडून बोस्टनकडे चालते झाले, आणि गांवांत म्हातारे व कर्ज हींच मागें उरलीं.

फादर जेम्स टॉम्पकिन्स हे १८७० सालीं याच प्रांतांतील केप ब्रेटन बेटावर, मार्गरी येथें जन्मले. अंगानें लहान, बोलण्यांत तिखट, आणि वाचनाचा व्यासंग अफाट. ते सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाचे उपाध्यक्ष होते. डेन्मार्कमधील लोकशाळा, इंग्लंडांतील कामगारांचे शिक्षणवर्ग, आणि क्वेबेक प्रांतांत आल्फोन्स देजार्दां यांनीं १९०० सालीं सुरू केलेल्या लोकपेढ्या, या सर्वांचा अभ्यास करून त्यांनीं असें मत बनविलें कीं जें विद्यापीठ थोड्यांस शिकवून बाहेर पाठवितें व राहिलेल्यांस विसरतें, तें आपल्या लोकांचें ऋण फेडीत नाहीं. १९२१ सालीं त्यांनीं लोकांपर्यंत ज्ञान नेण्याविषयीं एक पुस्तिका छापली, आणि त्याच वर्षाच्या हिवाळ्यांत विद्यापीठांत लोकविद्यालय भरविलें. प्रवेशास परीक्षा नव्हती, फी नव्हती. शेतकरी, कोळी अशीं पन्नासएक माणसें आलीं. त्यांत मिसरूड फुटलेलीं होतीं आणि केस पिकलेलींही होतीं.

पुढच्याच वर्षीं वादळ झालें. कार्नेगी संस्थेनें असा प्रस्ताव मांडला कीं त्या भागांतील सर्व कॉलेजांनीं हॅलिफॅक्स शहरीं एकत्र यावें. टॉम्पकिन्स त्यास अनुकूल होते. बिशप मॉरिसन यांनीं तो अमान्य केला. १९२२ सालच्या अखेरीस टॉम्पकिन्स यांस विद्यापीठांतून काढून कॅन्सो या किनाऱ्यावरील गरीब धर्मग्रामाचे धर्मगुरू म्हणून पाठविण्यांत आलें. लोकांनीं याला हद्दपारीच म्हटलें. बिशपांचा निर्णय बरोबर होता कीं चूक, याचा न्याय करणें आमच्यासारख्यानें टाळावें. परंतु बावन्न वर्षांच्या विद्वान माणसास आपलें ग्रंथालय सोडून माशांच्या वासांत जावें लागलें तेव्हां त्याच्या मनास काय वाटलें असेल, हें कोणत्याही बदलीच्या पत्राची घडी उलगडलेल्या धर्मगुरूस कळेल. ते गेले. आणि आम्हांस असें वाटतें कीं ते गेले नसते तर ही चळवळ कागदावरच राहिली असती.

कॅन्सो येथें त्यांनीं काय केलें? कांहीं बांधलें नाहीं, कांहीं स्थापिलें नाहीं. पांच वर्षें ते विचारीत राहिले. धक्क्यावर जावें, जाळें विणीत बसलेल्या माणसाजवळ उभें राहावें आणि विचारावें: हा मासा तूं कितीला दिलास? बोस्टनला तो कितीला विकतो? मधले पैसे कोण घेतो? तुला ठाऊक नसेल तर तें कोठें लिहिलेलें सांपडेल? मग खिशांतून एखादें पत्रक काढून त्याच्या हातावर ठेवावें. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेथेंच यावें आणि वाचलेंस कां म्हणून विचारावें. कित्येकांस हा फादर म्हणजे उपद्रव वाटे.

१ जुलै १९२७ रोजीं कॅनडाच्या राज्यसंघास साठ वर्षें पूर्ण झालीं. देशभर पताका लागल्या. कॅन्सोच्या कोळ्यांनीं मात्र सभा भरविली व विचारलें कीं आमच्या घरीं उपास असतां आम्ही कोणता उत्सव करावा? ही वार्ता वृत्तपत्रांत पसरली, धर्मगुरूंच्या परिषदेनें ती उचलून धरिली, आणि सरकारास मासेमारीच्या चौकशीसाठीं न्यायमूर्ति मॅक्लीन यांच्या अध्यक्षतेखालीं शाही आयोग नेमावा लागला. या आयोगापुढें टॉम्पकिन्स यांची साक्ष झाली, आणि त्यांचे नातलग व शिष्य फादर मोझेस कोडी यांचीही झाली. कोळ्यांनीं सहकारी संस्था काढाव्या व त्यासाठीं त्यांस शिक्षण द्यावें, अशी शिफारस आयोगानें केली. १९२८ सालीं विद्यापीठानें लोकशिक्षणाचा स्वतंत्र विभाग काढण्याचा ठराव केला आणि कोडी यांस त्याचे संचालक नेमिलें.

कोडी यांचा जन्म १८८२ चा, तोही मार्गरीचाच. धिप्पाड शरीर, मोठा आवाज, रोम येथें शिक्षण घेतलेले. परंतु बोलणें शेतकऱ्याचें. टॉम्पकिन्स एकेका माणसास टोंचणारे, तर कोडी हजारोंस हलविणारे. विभागाचें काम हातीं घेण्यापूर्वीं त्यांनीं कॅनडा व अमेरिका येथें फिरून प्रौढशिक्षणाचे नाना प्रयोग डोळ्यांनीं पाहिले. नंतर सरकारच्या विनंतीवरून १९२९-३० च्या हिवाळ्यांत बर्फांतून गांवोगांव हिंडून त्यांनीं कोळ्यांच्या शाखा बांधल्या, आणि १९३० सालीं हॅलिफॅक्स येथें त्यांचा संयुक्त संघ स्थापन झाला. ए. बी. मॅकडोनल्ड हे त्यांचे सहायक. संघटनेचें व व्यवस्थेचें काम मुख्यतः यांचें. कोडी यांच्या भाषणांस टाळ्या पडत व मॅकडोनल्ड यांच्या कामास क्वचितच. पण असल्या माणसावांचून कोणतेंही कार्य उभें राहत नाहीं.

आतां त्यांची पद्धत सांगावयाची. कारण आमच्या लेखाचें खरें मर्म तेथें आहे. प्रथम गांवांत एक मोठी जाहीर सभा होई. त्या सभेंत लोकांस आश्वासन कसलेंच मिळत नसे. उलट, तुमच्या दैन्यास तुमचें अज्ञानही कारण आहे, असें कोडी त्यांस तोंडावर सांगत. सभा संपण्यापूर्वीं आठ-दहा माणसांचीं लहान अभ्यासमंडळें बनत. हीं मंडळें आठवड्यांतून एक रात्र कोणाच्या तरी स्वयंपाकघरांत, चुलीच्या उबेस भरत. विद्यापीठाकडून पत्रकें येत. एकानें मोठ्यानें वाचावें, बाकीच्यांनीं त्यावर बोलावें. मंडळाचा पुढारी त्यांच्यांतलाच, चिटणीसही त्यांच्यांतलाच. कांहीं काळानें आसपासचीं सर्व मंडळें एकत्र जमत, आणि प्रत्येक मंडळाच्या माणसास उभें राहून आपण काय शिकलों तें सांगावें लागे. ज्या माणसानें उभ्या आयुष्यांत चारचौघांत तोंड उघडलें नव्हतें, त्याचे पाय येथें प्रथम लटपटत, आणि मग लटपटणें थांबे.

अभ्यासाचा विषय मात्र तत्त्वज्ञान नव्हता. जेथें लोकांस दुखतें तेथूनच आरंभ करावा, हा कोडी यांचा नियम. आणि दुखत होतें तें पोटांत. म्हणून प्रश्न असे असत: शेवंड डबेवाल्यास न घालतां जिवंत बोस्टनला पाठवावयाची तर पेटींत ती कशी भरावी? वाटेंत किती मरते? भाडें किती पडतें? दलालाची दलाली वजा जातां हातीं काय उरतें? या प्रश्नांचीं उत्तरें शोधतां शोधतां कोळी भागाकार शिकला, पत्र लिहावयास शिकला, बाजारभाव वाचावयास शिकला. आणि उत्तर मिळाल्यावर तें एकट्यानें अमलांत आणतां येत नाहीं, हेंही शिकला. कारण एका होडींतल्या शेवंडींनीं बोस्टनच्या व्यापाऱ्याशीं सौदा होत नाहीं. म्हणजे धंद्यांतील उन्नति आणि पुढारीपण हीं तेथें दोन निराळीं शिकवणें नव्हतींच. चांगला कोळी होण्यासाठीं त्याला सभा चालवितां येणें भाग होतें. आणि सभा चालविणाऱ्याला मासा व पैसा यांची नाडी कळत नसेल तर त्याच्या पुढारीपणाचा उपयोग शून्य होता. आमच्याकडे पुढारी म्हणजे व्यासपीठावर हार घालून घेणारा, अशी समजूत दृढ झाली आहे. तेथें पुढारी म्हणजे शनिवारीं रात्रीं वही जुळेपर्यंत न उठणारा.

कॅन्सोजवळ लिटल डोव्हर म्हणून कोळ्यांची वस्ती आहे. तिच्याइतकी दरिद्री वस्ती त्या किनाऱ्यावर क्वचितच असेल. तेथील लोकांनीं टॉम्पकिन्स यांच्या प्रेरणेनें अभ्यास केला व शेवंड डब्यांत भरण्याचा आपला स्वतःचा कारखाना उभारला. लांकूड त्यांनीं स्वतः तोडलें, बांधकाम स्वतः केलें. कारखान्याच्या भिंतींपेक्षां आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें तें हें कीं तो चालविणारींही तींच माणसें होतीं. कालपर्यंत ज्याचें नांव दुसऱ्याच्या वहींत ऋणको म्हणून होतें, तो आज स्वतःच्या कारखान्याची वही लिहूं लागला.

१९३२ सालीं प्रांताच्या विधिमंडळानें पतपेढ्यांचा कायदा केला, आणि मंडळांना हातपाय फुटले. कोठें पतपेढी, कोठें सहकारी भांडार, कोठें मासे भरण्याची वखार. विभागानें अँटिगोनिश येथें पुढाऱ्यांसाठीं हिवाळी वर्ग सुरू केले. गांवांतून निवडून आलेलीं माणसें कांहीं आठवडे तेथें राहून हिशेब, सहकार व सभेचें काम शिकत आणि परत जाऊन इतरांस शिकवीत. सेंट मार्था संघाच्या धर्मभगिनींनीं पुस्तकें पुरविण्याचें व स्त्रियांमधील कार्याचें ओझें उचललें. या दशकाच्या अखेरीस अभ्यासमंडळांची संख्या हजाराच्या वर गेली होती. आणि हीं मंडळें केवळ कॅथलिकांचीं नव्हतीं. एका माणसास एक मत, हें १८४४ सालच्या रॉचडेलच्या विणकरांचें तत्त्व घेतल्यावर शेजारचा प्रॉटेस्टंट शेतकरी बाहेर ठेवण्याचें कारण उरलें नाहीं, आणि कोडी यांनीं तो ठेवला नाहीं.

खाणकामगारांकडे वळूं. केप ब्रेटन येथील कोळशाच्या खाणींत १९२० नंतरचीं वर्षें भयंकर गेलीं. मजुरी कापली गेली, संप झाले, लष्कर आलें. ११ जून १९२५ रोजीं कंपनीच्या शिपायांनीं झाडलेल्या गोळीनें विल्यम डेव्हिस हा खाणकामगार ठार झाला. अशा ठिकाणीं धर्मगुरूच्या तोंडून अभ्यासाची भाषा ऐकून लोक हंसले असते तर नवल नव्हतें. १९३२ सालीं विभागानें ग्लेस बे येथें कचेरी उघडली आणि तिचा प्रमुख म्हणून अलेक्झांडर मॅकिन्टायर यांस नेमिलें. हे गृहस्थ खाणकामगारांच्या युनियनचे माजी उपाध्यक्ष, लढाऊ वृत्तीचे, आणि मालकांनीं काळ्या यादींत घातल्यामुळें ज्यांस खाणींत काम मिळेनासें झालें होतें असे. त्यांच्या पूर्वींच्या मतांमुळें कित्येक भल्या माणसांनीं नाकें मुरडलीं असतील. परंतु कोडी यांनीं अशी पारख केली कीं ज्याच्यावर कामगारांचा विश्वास आहे आणि ज्यानें त्यांच्यासाठीं स्वतःची भाकरी गमावली आहे, त्यालाच हें काम सांगावें. ही निवड आम्हांस सर्व चळवळींतील अत्यंत धैर्याची वाटते. आम्ही असतों तर एखादा सालस, रोज मिस्सेस येणारा, कोणास दुखवीत नाहीं असा तरुण शोधला असता. आणि कचेरी रिकामी राहिली असती.

१९३५ सालीं टॉम्पकिन्स हे खाणींच्या भागांत, रिझर्व माइन्स येथें धर्मगुरू म्हणून आले. वय पांसष्ट. आल्याबरोबर त्यांनीं आपल्या राहत्या घरांत लोकांसाठीं वाचनालय उघडलें. खाणकामगार कंपनीच्या पडक्या घरांत राहत असत. त्यांतील कांहींजण घरांचा विचार करूं लागले. मेरी आर्नल्ड या न्यूयॉर्कमधील सहकारी घरबांधणीचा अनुभव असलेल्या बाई १९३७ सालीं तेथें आल्या. मंडळानें महिनेन्‌महिने घर हा एकच विषय अभ्यासिला: जमीन, पाया, लांकूड, व्याज, कर. पुठ्ठ्याचे नमुने करून त्यांवर वाद घातले. आणि या वादांत कामगारांच्या बायकांचा आवाज कमी नव्हता, कारण चूल कोठें असावी हें नवऱ्यास काय कळणार! सरकारी कर्ज मिळविलें, आपल्या वांट्याची रक्कम पुष्कळ अंशीं स्वतःच्या श्रमानें भरून काढिली, आणि दिवसा भूगर्भांत कोळसा खणून संध्याकाळीं जमिनीवर भिंती रचल्या. १९३८ सालीं अकरा घरें पुरीं झालीं. त्या वस्तीचें नांव टॉम्पकिन्सव्हिल.

या मंडळाचा पुढारी जो लेबन नांवाचा खाणकामगार होता. घर बांधून त्याचें काम संपलें नाहीं. तो पुढें अनेक वर्षें इतर गांवांतील मंडळांना घरबांधणी शिकवीत फिरला. खाणकामगारानें गवंड्याचें, हिशेबनिसाचें आणि शिक्षकाचें काम एकाच आयुष्यांत करावें, ही वाढ कोणत्या प्रशस्तिपत्रानें मोजावी?

येथवर वाचून कोणास वाटेल कीं हें सर्व यशाचेंच गाणें आहे. तसें नाहीं, आणि इतिहास लिहितांना तें लपविणें योग्य नव्हे. दुसरें महायुद्ध आलें. तरुण सैन्यांत व कारखान्यांत गेले, पैसा खेळूं लागला, आणि स्वयंपाकघरांतील मंडळें ओस पडूं लागलीं. भांडारें व पतपेढ्या चालू राहिल्या, पण त्यांचा कारभार पगारी व्यवस्थापकांच्या हातीं गेला. सभासद गिऱ्हाईक झाला. वार्षिक सभेस यावें, चहा घ्यावा, हात वर करावा आणि घरीं जावें, इतकेंच त्याचें काम उरलें. कोडी यांस हें दिसत होतें व त्याचा त्यांस खेद होता. १९५२ सालीं प्रकृति ढांसळल्यामुळें त्यांनीं संचालकपद सोडलें. टॉम्पकिन्स १९५३ सालीं व कोडी २८ जुलै १९५९ रोजीं निवर्तले. मोठ्या जहाजांच्या मासेमारीपुढें लहान होडीचा निभाव लागला नाहीं. १९९३ सालीं नोव्हा स्कोशियाच्या पूर्वेकडील समुद्रांत कॉड पकडणेंच बंद करावें लागलें, इतका तो संपला होता. आणि २००१ सालीं केप ब्रेटनची सरकारी मालकीची अखेरची कोळशाची खाण मिटली. समुद्रांतला मासा संपण्यास अभ्यासमंडळ जबाबदार नाहीं, हें खरें. परंतु मंडळांचा पाया धर्मगुरूंच्या उत्साहावर फार अवलंबून होता, आणि जेथें उत्साही धर्मगुरू बदलून गेला तेथें तें कार्य थंडावलें, असाही आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप वाचतांना आमची मान खालीं गेली, हें वाचकांस सांगावयास नको.

कोडी यांच्या मृत्यूच्याच वर्षीं विद्यापीठानें त्यांच्या नांवानें एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली. आशिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथून लोककार्य करणारीं माणसें तेथें कांहीं महिने राहून सामाजिक पुढारीपणाचें शिक्षण घेऊं लागलीं. आपल्या देशांतूनही धर्मगुरू, धर्मभगिनी व प्रापंचिक माणसें तेथें जाऊन आलीं. ही संस्था आजही चालू आहे.

आपल्याकडे असें कांहीं झालेंच नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. टॉम्पकिन्स यांचें लोकविद्यालय भरण्याच्या बारा वर्षें आधीं, १९०९ सालीं, छोटानागपूर येथें फादर योहान हॉफमान या जर्मन जेझुइट धर्मगुरूनें मुंडा व इतर आदिवासी ख्रिस्ती लोकांसाठीं कॅथलिक सहकारी पतसंस्था काढिली. पहिलें महायुद्ध सुरू झाल्यावर, ते जर्मन म्हणून १९१५ सालीं इंग्रज सरकारनें त्यांस हिंदुस्थानांतून घालवून दिलें. संस्था मात्र राहिली, आणि तिनें आपली शंभरी ओलांडिली. आणि अगदीं आपल्या अंगणांत, वसईस, १९१८ सालीं मॉन्सिन्यॉर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानें कॅथलिक पतसंस्था निघाली. तीच आजची बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक. शेतकऱ्यास सावकाराच्या दारीं जावें लागूं नये, हाच तिचाही हेतु. मोनीस गेले, संस्था शंभर वर्षांनंतरही उभी आहे. हॉफमान यांची संस्था त्यांच्या हद्दपारींतून वांचली आणि आमचें बचतमंडळ एका साध्या बदलीनें बुडालें, यांतील फरक आम्ही पुष्कळदां मनाशीं घोळविला आहे. वही कोणाच्या कपाटांत होती, या प्रश्नाशींच तो पुन्हां पुन्हां येऊन थांबतो.

या स्मरणिकेंत पूर्वींच्या समित्यांच्या याद्या छापल्या आहेत, त्या वाचकांनीं सवडीनें पाहाव्या. तींच सात-आठ नांवें फिरून फिरून येतात, आणि त्यांतील कित्येकांमागें आतां कै. लागलें आहे. त्या मंडळींनीं धर्मग्रामासाठीं हाडांचीं काडें केलीं, याविषयीं आम्हांस तिळमात्र संशय नाहीं. परंतु त्यांच्या शेजारीं बसून काम शिकलेला तरुण कोण, असें विचारलें तर यादी रिकामी आहे. आपलीं मुलें आज बँकांत, रुग्णालयांत, विमानकंपन्यांत मोठमोठ्या जागांवर आहेत. कचेरींत शंभर माणसांचें काम पाहणारी मुलगी धर्मग्रामाच्या सभेंत मागच्या बांकावर गप्प बसते, आणि तिला कोणी पुढें बोलावीत नाहीं. दोष तिचा नाहीं. होडीचा कोळी आतां थोडा राहिला, शेतें इमारतींखालीं गेलीं. तरी घरकर्ज, पाणी, जमिनीचे कागद, म्हाताऱ्यांची शुश्रूषा, असे आठ-दहा माणसांनीं एका स्वयंपाकघरांत बसून अभ्यासावे असे विषय आपल्याकडे कमी नाहींत.

ज्युबिलीचा मांडव उतरल्यावर पुढच्या महिन्यापासून दर शुक्रवारीं सायंकाळीं जपमाळेनंतर अशीं तीन मंडळें भरवावयाचें ठरलें आहे. एक ख्रिस्तमंदिरामागील खोलींत, दोन घरांत. पहिला विषय जमिनीचे सात-बारा उतारे व वारसनोंदी हा आहे, कारण लोकांनीं तोच मागितला. इतिवृत्ताच्या वह्या आणून ठेवल्या आहेत, व त्या चिटणिसांनीं आपल्या घरीं न्यावयाच्या आहेत. पहिल्या सभेस आम्ही येऊं. दुसऱ्या सभेचें बोलावणें आलें तर येऊं.